लिंबाएवढी गाठ आणि अळणी आमटी

फळ्यावर समीकरण लिहिता लिहिता माझा हात थांबायचा. आधी छातीत धडधड, मग मानेतून डोक्यात चढणारी कळ, आणि तळहाताला एवढा घाम की खडू ओला व्हायचा. वर्ग पाठीमागे असायचा. मी वळून बघायचे नाही, कारण माझं पांढरंफटक पडलेलं तोंड मुलांना दिसलं असतं. तेच आकडे पुन्हा पुन्हा गिरवत उभी राहायचे. थोड्या वेळाने सगळं ओसरायचं, पायांतलं बळ गेलेलं असायचं, आणि मग मागच्या बाकावर कोणी हसलं तर त्याची खैर नसायची.

मी डोंबिवलीतल्या एका शाळेत गणित शिकवते. घर पश्चिमेला, कोपरच्या बाजूला. घरात आम्ही तिघं, मी, नवरा आणि सासूबाई. राग माझ्या नाकावर असतो ही गोष्ट शाळेत, सोसायटीत आणि दोन्हीकडच्या नातेवाइकांत सर्वांना ठाऊक आहे, आणि मी ती कधी नाकारलेली नाही. पण त्यामुळे झालं काय, की माझ्या दुखण्याला कोणी दुखणं म्हणेना. रागीट बाईला धडधडलं तर त्यात विशेष काय, असा सगळ्यांचा सूर. आमचे नेहमीचे डॉक्टर म्हणाले, टेन्शन कमी घ्या, पाळी जायचं वय आलं. झोपेची गोळी दिली. छातीची पट्टी, म्हणजे ईसीजी, काढली तर ती अगदी स्वच्छ आली. येणारच. रिक्षा मिळून दवाखान्यात पोचेपर्यंत माझं प्रेशर शहाण्यासारखं खाली येऊन बसलेलं असायचं.

"तू ओरडतेस ना, म्हणून तुला धडधडतं," नवरा म्हणायचा.

"अरे, धडधडतं म्हणून मी ओरडते," मी म्हणायचे. आणि हे वाक्य मी ओरडूनच म्हणायचे, त्यामुळे त्याचा काही उपयोग व्हायचा नाही.

एका दिवाळीला दारात रांगोळी काढायला वाकले आणि तशीच खाली बसले. कानात ठोके, डोळ्यांपुढे अंधार, साडीचा ब्लाउज घामाने भिजलेला. सासूबाईंनी साखरपाणी दिलं. "उपाशीपोटी वाकलीस, दुसरं काय," म्हणाल्या. मला मात्र आतून ठाम वाटत होतं की आता आपण मरणार. प्रत्येक वेळी तसंच वाटायचं, आणि प्रत्येक वेळी मी मरायचे नाही, म्हणून लोकांचा विश्वास आणखी थोडा उडायचा. नंतर नंतर माझाही उडाला. आपण खरंच कांगावखोर आहोत की काय, या विचाराने मी घरात एका जागी बसू शकत नसे. उगाच कपाटं आवरायचे, आवरलेली पुन्हा काढायचे.

मला पहिला साक्षीदार मिळाला तो दातांचा डॉक्टर. दाढ ठणकत होती, त्याने हिरडीत भुलीचं इंजेक्शन दिलं, आणि मला असा झटका आला की तसा आधी कधी आला नव्हता. खुर्चीचे दोन्ही हात मी घट्ट धरले. या मुलाने (मुलगाच तो, माझ्या जुन्या विद्यार्थ्यांच्या वयाचा) घाबरून जाण्याऐवजी ड्रॉवरमधून प्रेशरचं मशीन काढलं आणि माझ्या दंडाला पट्टा बांधला. आकडा बघितला. पट्टा सोडून दुसऱ्या दंडाला बांधला. पुन्हा बघितला.

"मॅडम," तो म्हणाला, "मी तुमच्या दाढेला हात लावणार नाही. वरचं दोनशेवीसच्या पुढे आहे. आधी मोठ्या डॉक्टरांना दाखवा. आजच."

मला एवढा आनंद झाला की त्याला कळेना, ही बाई हसतेय का.

तिथून मोठ्या डॉक्टरांकडे, आणि त्यांच्या चिठ्ठीने ठाण्याला, वर्तकनगरच्या बाजूला बसणाऱ्या एका हार्मोनच्या डॉक्टर बाईंकडे आम्ही पोचलो. त्यांनी मला माझं वाक्य पुरं करू दिलं. मग विचारलं, "डोकं दुखणं, घाम आणि धडधड, तिन्ही एकदमच येतं? वाकलं की येतं? मधल्या वेळात प्रेशर बरं असतं?" मी तिन्हीला हो म्हटलं. त्यांनी नवऱ्याकडे बघून सांगितलं की हे टेन्शन वाटत नाही. नवरा खुर्चीत जरा सरळ होऊन बसला.

तपासणी होती पूर्ण एका दिवसाच्या लघवीची. लॅबवाल्यांनी तळाला ॲसिड घातलेला मोठा कॅन दिला आणि थंड ठेवा म्हणून बजावलं. फ्रिजमध्ये ठेवायचा म्हटल्यावर सासूबाईंनी दारच अडवलं. आत देवाचं दूध होतं, साबुदाणा भिजवलेला होता. शेवटी कोळणीकडून मासे आणायचा थर्माकोलचा खोका काढला, त्यात बर्फ भरला आणि कॅन बाथरूममध्ये त्यात बसवला. रविवार होता. तपासणी चुकू नये म्हणून चहा बंद, केळं बंद. घरात कोणी बाथरूमकडे निघालं की मी मागून ओरडायचे, "खोक्याला धक्का लावू नका!" नवरा म्हणाला, एवढं जपून आपण कधी सुरमईसुद्धा आणली नाही.

रिपोर्टातले आकडे कितीतरी पटींनी जास्त निघाले. मग स्कॅन झाला. डॉक्टर बाईंनी पडद्यावर बोट ठेवून दाखवलं. मूत्रपिंडाच्या वर टोपीसारखी एक छोटी ग्रंथी असते, ॲड्रिनल. माझ्या डाव्या बाजूच्या ग्रंथीत लिंबाएवढी गाठ होती. साप दिसल्यावर माणसाच्या रक्तात जे रसायन उसळतं, ते ही गाठ तिला वाटेल तेव्हा सोडत होती. "क्वचित दिसणारी गाठ आहे," त्या म्हणाल्या. "बहुतेक साधीच, कॅन्सरची नाही. पण साधी म्हणून ठेवता येणार नाही. एखाद्या झटक्यात मेंदूची नस फुटू शकते. काढावी लागेल."

मी घाबरायला हवं होतं. पण खरं सांगते, मला जिंकल्यासारखं वाटलं. स्कॅनची मोठी पिशवी छातीशी धरून मी घरी आले आणि दिवाणखान्यातल्या खिडकीला फिल्म लावून सासूबाईंना गाठ दाखवली.

"तरीच!" त्या म्हणाल्या.

हे "तरीच" पुढे फार महागात पडलं. ज्याला फोन जाई तो तरीच म्हणे. नवऱ्याने लग्नापासूनची सगळी भांडणं त्या गाठीच्या माथी मारली. नणंदेला फोनवर सांगताना मी माझ्या कानांनी ऐकलं, "अगं, ती चिडते ना, ती ती नसतेच. ते हार्मोन असतात." त्याच्या आवाजात एवढी माया होती की माझी तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हटलं, मागच्या वर्षी मला न विचारता तू गावच्या जमिनीच्या कागदावर सही करून आलास, तेव्हा मी चिडले, ते काय हार्मोन होते? तो म्हणाला, "बरं बरं, तू शांत हो आधी." आधी माझा त्रास खरा नव्हता, फक्त राग खरा होता. आता त्रास खरा ठरला आणि राग खोटा. दोन्ही खरं धरायची कोणाची तयारी नव्हती.

ऑपरेशन लगेच करता येत नाही. गाठीला हात लागला की ती भरमसाट रसायन ओतते, म्हणून आधी गोळ्या देऊन रक्तवाहिन्या सैल कराव्या लागतात. डॉक्टर बाईंनी समजावलं की नळ्या सैल झाल्या की आतलं पाणी कमी पडतं, ते भरून काढायला भरपूर पाणी प्यायचं आणि भरपूर मीठ खायचं. "लोणचं, पापड, मीठ घातलेलं ताक, खारे दाणे, काहीही. लाजू नका." नाक चोंदेल, उठताना गरगरेल, तेही सांगितलं.

आता आमच्या घरात मीठ या विषयाचं काय स्थान आहे ते सांगायला हवं. माझे सासरे प्रेशरचे पेशंट होते. मी लग्न होऊन आले त्याआधीच जेवताना त्यांना पक्षाघाताचा झटका आला आणि दोन दिवसांत ते गेले. तेव्हापासून या घरात ताट वाढताना डावीकडे चिमूटभर मीठ वाढायची रीत बंद झाली. वरून मीठ मागणं म्हणजे तर शिवी दिल्यासारखंच. पाहुण्यांनी मागितलं तर सासूबाई ऐकू न आल्यासारखं करतात. त्यांना नवऱ्याने ठाण्याहून आल्यावर सगळं नीट सांगितलं. त्यांनी मान हलवली. स्वयंपाकघर त्यांचंच होतं, मला तर वाकायलाही बंदी होती.

गोळ्या सुरू झाल्या आणि माझं नाक चोंदलं. जेवण बेचव लागायला लागलं. आमटी नुसती गरम पाण्यासारखी, भाजी तशीच, सोलकढीला फक्त आंबटपणा.

"आई, मीठ आहे ना यात?" मी विचारायचे.

"आहे तर. नेहमीपेक्षा जास्तच टाकलंय. तुझ्या तोंडाला चव नाही."

"मला तर बरोबर वाटतंय," नवरा त्याच्या ताटातून म्हणायचा. "नाक चोंदलंय तुझं, डॉक्टर बोललेल्या ना."

लोणचं मागितलं तर बरणीला बुरशी आली म्हणून टाकलं, असं उत्तर मिळालं. पापड सादळले होते. मी रोज विचारत होते आणि रोज दोघं मला माझ्या जिभेबद्दल समजावत होते. जास्तच टाकलंय म्हणतात, तर आणखी वरून कशाला घ्या, असं म्हणून मी गप्प जेवायचे. उठले की भिंत धरायचे. पलंगावरून मोरीपर्यंत जायचं तर मध्ये खुर्ची ठेवलेली होती, टेकायला. पुस्तक हातात घेतलं की दोन ओळींत खाली ठेवायचे, टीव्ही लावून बंद करायचे. ऑपरेशनच्या टेबलावरून आपण उठणार नाही, असं मनाने घेतलं होतं, आणि हेही कोणाला सांगायची सोय नव्हती, कारण तेही हार्मोनच ठरलं असतं.

दाखल व्हायच्या आधी ठाण्याच्या हॉस्पिटलात भूल देणाऱ्या डॉक्टर बाईंनी तपासायला बोलावलं. आडवं असताना प्रेशर घेतलं, मग उभं केलं. उभी राहिले आणि थेट नर्सच्या अंगावर कोसळले. त्यांनी रक्त, लघवी तातडीने तपासायला पाठवली. रिपोर्ट बघून त्या चांगल्याच तापल्या.

"मीठ खाताय तुम्ही?"

"खाते."

"लघवीत मीठ नाहीच जवळपास. शरीर जपून धरतंय, कारण त्याला मिळतच नाही. तुम्ही रिकाम्या आहात. गाठ निघाली की प्रेशर धाडकन पडतं. अशा अवस्थेत पडलं तर मला ते वर आणता येईल याची खात्री नाही. मी ही केस आत्ता घेणार नाही. तारीख पुढे गेली."

"अहो, मी खरंच खाते," मी म्हटलं. त्यांनी माझ्याकडे जसं बघितलं, तसं मी गृहपाठ घरी राहिला म्हणणाऱ्या मुलांकडे बघते.

परत येताना आम्ही गाडी केली होती. शीळफाट्याच्या गर्दीत अडकलो असताना नवरा हळूच म्हणाला, "तू जाडी होशील म्हणून कमी खातेस का? खरं सांग, मी काही बोलणार नाही." मी खिडकीकडे तोंड केलं आणि रडायला लागले. राग होता, भीती होती, आणि दमणूक तर किती होती. हुंदके देत होते, नाक तर बंदच, तोंडाने श्वास घेत होते. गालावरून पाणी ओठांवर आलं आणि मी ते जिभेने पुसलं.

खारट होतं.

मी रडायची थांबले. पुन्हा एकदा ओठ चाटले. चांगलं खारट, समुद्राच्या पाण्याइतकं. म्हणजे जीभ ठीक होती. नाक चोंदलं की वास जातो, मिठाची चव नाही जात. वर्गात मी मुलांना सांगत असते, उत्तर जुळत नसेल तर दिलेली माहिती तपासा, आणि स्वतः मात्र इतके दिवस आपल्याच जिभेवर शंका घेत बसले होते. नवऱ्याला काही बोलले नाही. तो घाबरला, कारण मी कधी गप्प बसत नाही.

घरी पोचलो तेव्हा दुपारची जेवणं व्हायची होती. सासूबाईंनी पानं वाढली. मी माझं ताट बाजूला सारलं, नवऱ्याचं ताट ओढलं, त्याच्या आमटीत भात कालवला आणि घास तोंडात घातला. काय चव होती! मीठ, गूळ, कोकम, सगळं होतं. मग माझी वाटी त्याच्यापुढे ठेवली.

"खा," मी म्हटलं.

त्याने खाल्लं आणि आईकडे बघितलं. सासूबाई ओट्याला टेकून उभ्या होत्या. माझ्यासाठी त्या आधीच आमटी, भाजी बाजूला काढत होत्या आणि मग बाकीच्यात मीठ घालत होत्या. रोज, दोन्ही वेळा.

"प्रेशरच्या माणसाला मीठ?" त्या म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज फाटला. "दोनशेच्या वर गेलेलं प्रेशर, आणि मी हातांनी मीठ वाढू? एकदा वाढलंय मी. ह्यांना डॉक्टरांनी बंद केलेलं. रोज अळणी जेवायचे बिचारे. त्या दिवशी म्हणाले, आज एकदा वाढ गं, जात नाही घास. मी वाढलं. डाव्या बाजूला, एवढंसं. तो घास तोंडात होता आणि हात खाली पडला त्यांचा. तुझ्या नवऱ्याला पण मी हे कधी सांगितलेलं नाही."

नवरा उठून आईजवळ गेला. मी जागची हलले नाही. मला त्यांची कीव आली, अगदी पोटातून आली. आणि त्याच वेळी मला त्यांचा राग आला, तोही पोटातूनच. चिमूटभर मिठाने त्यांचा नवरा गेला नव्हता, हे मी त्यांना सांगू शकले असते. पण मी म्हटलं, "आई, मला मीठ वाढा." त्यांनी डब्यातून चिमूट उचलली. वाढलं, आणि मी खाईपर्यंत त्या गॅलरीत जाऊन उभ्या राहिल्या.

त्यानंतर मी मीठ खाल्लं. ताकात, पोळीत, लिंबाच्या सरबतात. नवरा खाऱ्या दाण्यांच्या पुड्या आणायचा. हळूहळू भिंत सुटली. भूल देणाऱ्या बाईंनी पुन्हा उभं करून बघितलं, मी उभी राहिले, आणि नवी तारीख मिळाली. मीठ का कमी पडलं होतं ते मी त्यांना सांगितलं. त्यांनी डोक्याला हात लावला आणि म्हणाल्या, आता मी घरात मोठं कोण आहे तेही विचारत जाईन.

ऑपरेशनची मला फार आठवण नाही. थंडगार खोली, मनगटात सुई टोचून लावलेली नळी, आणि एक हिरवा आकडा सतत हलत असलेला. बाकीचं सर्जनने नवऱ्याला सांगितलं. पोटाला छोटी छिद्रं पाडून दुर्बिणीने केलं. गाठ सोडवताना प्रेशर चढलं, ते त्यांनी औषधांनी आवरलं. मग गाठीतून निघणारी शीर बांधली आणि प्रेशर खाली कोसळलं. "पण बाई मीठपाण्याने भरलेल्या होत्या," सर्जन म्हणाले, "म्हणून सावरल्या." हे वाक्य नवऱ्याने मला दोनदा सांगितलं. दोन्ही वेळा सासूबाई समोर होत्या.

शुद्धीवर आले तेव्हा आत इतकं शांत होतं की मी छातीवर हात ठेवून बघितलं. ठोके होते, पण आपापलं काम करत होते. पुढे गाठीचा रिपोर्टही साधी म्हणून आला. दरवर्षी तपासत राहायचं, एवढंच.

घरी आल्यावर समाचाराला लोक येत होते. एका दुपारी शेजारच्या बाई आल्या. मी आतल्या खोलीत पडले होते. बाहेरून सासूबाईंचा आवाज आला, "सुटली हो एकदाची. राग पण गेला बघा गाठीबरोबर. कशी गरीब गाय झालीय." शेजारीण जाईपर्यंत मी कशीबशी दम धरला. मग पोटावर हात दाबून बाहेर आले.

"आई, मी गाय नाही. आणि माझा राग कुठेही गेलेला नाही. तुम्ही घाबरलात, हे मला समजतं. पण मी रोज विचारत होते तुम्हाला. मीठ आहे का, मीठ आहे का. आणि तुम्ही रोज माझ्या तोंडावर मला सांगत होतात, की माझी जीभ खोटी आहे. नाही घालत, मला भीती वाटते, एवढं एक वाक्य बोलला असतात तर..."

"अगं अगं, टाके!" म्हणत नवरा धावत आला. त्याने मला खुर्चीत बसवलं, टेबलावरून प्रेशरचं मशीन ओढलं आणि मी बोलत असतानाच माझ्या दंडाला पट्टा बांधला. पट्टा फुगत गेला. तो फुगायचा थांबेपर्यंत मलाही थांबावं लागलं. तिघंही त्या छोट्या पडद्याकडे बघत होतो. एकशेअठरा, शहात्तर आला.

"नॉर्मल आहे," नवरा म्हणाला. मग त्याने माझ्या दंडाचा पट्टा सोडला. "म्हणजे हा राग..."

"माझाच आहे," मी म्हटलं.

सासूबाईंनी एकदा त्या आकड्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. मग खुर्ची ओढून माझ्यासमोर बसल्या.

"बोल," त्या म्हणाल्या. "अर्धवट राहिलं तुझं."